सतरंज्या उचलणाऱ्यांच्या हाती हिशेबाची वही द्या

प्रति,
ग्रामविकासाच्या योजना आखणारे, त्या मंजूर करणारे आणि त्यांना पैसा पुरवणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख फॉर्मपुरती. तुम्ही फॉर्म पाठवता, मी भरून परत पाठवते. गावोगावी बैठका भरवणं, गट बांधणं, प्रशिक्षणं घेणं हे माझं काम, आणि त्याला सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात योजनांची नावं बदलली, बोधचिन्हं बदलली, साहेब बदलले. फॉर्ममधला एक रकाना मात्र जागचा हलला नाही: 'युवक सहभाग (संख्या)'. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

मागच्या खेपेला मी त्यात १४ लिहिलं. त्या चौदा जणांनी काय केलं ते सांगते. सकाळी आठला ते हजर होते. शाळेच्या खोलीतून सतरंज्या काढल्या, झटकल्या, अंथरल्या. बॅनर बांधला. वारा फार होता, म्हणून त्याला मध्ये चार भोकं पाडली, म्हणजे तो फडफडून फाटणार नाही. ही अक्कल त्यांचीच. माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून दिला, जे मला आजतागायत जमलेलं नाही. पाहुणे आले तेव्हा पाण्याचे ग्लास फिरवले. मग बैठक सुरू झाली आणि चौदाच्या चौदा जण बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले, कारण आत सतरंजीवरची जागा मोठ्यांची. आत पन्नास मिनिटांत तीन कामं ठरली: पाण्याची टाकी, एक रस्ता आणि 'युवकांसाठी व्यायामशाळा'. व्यायामशाळा हवी आहे का, हे दाराबाहेरच्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. बैठक आटोपल्यावर त्यांनी सतरंज्या गुंडाळल्या. फोटोसाठी मात्र त्यांना हाक मारून पुढच्या रांगेत बसवलं. तो फोटो तुमच्या वार्षिक अहवालात आहे. छान आलाय.

रकान्यात १४ लिहिताना मी खोटं लिहिलं नव्हतं. दुखणं नेमकं तिथेच आहे.

रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मूळ कल्पना शेरी आर्नस्टाइन यांची, १९६९ ची, नागरिकांच्या सहभागाबद्दलची. हार्ट यांच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या अशा: मुलांना पुढे करून आपलं घोडं दामटणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. आमचे चौदा जण कुठल्या पायरीवर होते हे सांगायला नको. ही शिडी तुमच्या प्रशिक्षण पुस्तिकांत हमखास असते. मी स्वतः ती फळ्यावर शंभरदा काढली असेल. काढायची, समजावून सांगायची, पुसायची आणि मग सतरंज्या गोळा करायला पोरांना हाक मारायची.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून पाळलं. त्याची त्रिसूत्री होती सहभाग, विकास आणि शांतता. त्यातही सहभाग पहिला. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता चाळिशीत आहेत, आणि त्यांच्यातले काही जण अजूनही गावच्या युवक मंडळाचे पदाधिकारी आहेत.

हा विनोद नाही. युवक कोण, याचाच गोंधळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात १५ ते २४ वयाचे ते युवक. आफ्रिकी संघाने २००६ साली गांबियातल्या बांजुल इथे स्वीकारलेल्या युवा सनदेत १५ ते ३५. कोलंबियात युवा परिषदेच्या मतदारांचं वय १४ ते २८. प्रत्येक व्याख्येमागे काहीतरी कारण आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गावात उतरल्यावर या वयांना काही अर्थच उरत नाही. तिथे लग्न न झालेला चौतीस वर्षांचा पुरुष 'युवक' असतो आणि लग्न झालेली एकोणीस वर्षांची मुलगी 'महिला'. तुमच्या फॉर्ममध्येही तसंच. महिलांचा रकाना वेगळा, युवकांचा वेगळा, आणि एक माणूस एकाच रकान्यात मोजायचा अशी खाली तळटीप. म्हणजे लग्नाच्या दिवशी ती मुलगी तरुण असणं थांबवते. तिला बचतगटाच्या बैठकीला बोलावलं जातं, युवक प्रशिक्षणाला नाही. सोळा वर्षांत मी अशा किती मुली एका रकान्यातून दुसऱ्यात टाकल्या, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही.

आता मुद्द्यावर येते. 'तरुणांना गावाच्या कामात रस नाही' हे वाक्य मी तुमच्या प्रत्येक आढावा बैठकीत ऐकते. मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात, शहराकडे पळतात, बोलावलं तरी येत नाहीत. मी उलट विचारते: ज्या बैठकीत काय ठरणार ते आधीच ठरलेलं असतं, तिथे शहाणा माणूस कशाला येईल? म्हातारे येतात, कारण त्यांना मान मिळतो. तरुणांना मान नाही, निर्णयात वाटा नाही आणि पैसा कुठे गेला ते विचारायची सोय नाही. न येणं हे त्यांनी केलेलं मतदानच आहे. कोलंबियाचंच बघा. तिथे ५ डिसेंबर २०२१ रोजी देशभर पहिल्यांदा नगरपालिका पातळीवरच्या युवा परिषदांसाठी मतदान झालं. कायदा होता, मतपेट्या होत्या, उमेदवार होते. मत द्यायला आले दहातला जेमतेम एक. परिषदेचं काम काय, तर मुख्यतः सल्ला देणं आणि लक्ष ठेवणं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सहभाग मोजायचा तर डोकी मोजू नका. गावाच्या पैशाचा कागद कुणाच्या हातात आहे ते बघा.

हे मी हवेतून बोलत नाही. भारतात राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये जनसुनवाई भरवली. सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायचे, एवढी साधी कृती. तिथून निघालेली वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत गेली. त्याच साली झालेल्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावानेच सरकारी कामांचा हिशेब तपासण्याची, तरतूद आली. आंध्र प्रदेशाने २००६ पासून ती मनावर घेतली, आणि अंकेक्षण करायला माणसं कुठून आणली? मजुरांच्याच घरातली लिहिता-वाचता येणारी तरुण मुलं-मुली. त्यांना काही दिवस शिकवलं: हजेरीपट कसा वाचायचा, मोजमाप वहीतले आकडे कामाच्या जागेवर टेप लावून कसे ताडायचे, घरोघर जाऊन 'इतके दिवस काम केलं का, इतकी मजुरी मिळाली का' हे कसं विचारायचं. मग मंडल (तिथला तालुक्यासारखा घटक) पातळीवर अधिकाऱ्यांसमोर जाहीर सुनावणी. हजेरीपटावर मेलेली माणसं कामाला आलेली सापडली, गाव सोडून गेलेली सापडली. सापडलेल्या अपहाराच्या मानाने वसुली फार थोडी झाली, हेही खरं. पण ज्या पोरांबद्दल 'रस नाही' म्हटलं जातं, तीच पोरं उन्हात घरोघर फिरून एकेक सही ताडत होती. त्यांना व्यायामशाळा देऊ केली नव्हती. कागद दिला होता.

तुम्ही म्हणाल, कागद वाचणं वेगळं आणि पैसा सांभाळणं वेगळं. कोवळ्या पोरांच्या हाती पैसा दिला तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण फिलिपिन्समध्ये आहे, आणि ते मी लपवणार नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलतं.

तिथे गावाच्या पातळीवरच्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाला बरांगाय म्हणतात. असे सुमारे ४२,००० बरांगाय आहेत. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत तरुणांची एक बरांगाय संघटना निघाली, आणि तिच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी बसली मार्कोस यांचीच कन्या. सुरुवातच अशी. पुढे १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने ती मोडून 'सांगुनियांग कबातान' म्हणजे युवा परिषद उभी केली: प्रत्येक बरांगायमध्ये तरुणांनी निवडून दिलेली, अध्यक्षाला बरांगायच्या मुख्य सभागृहात आपोआप जागा, आणि बरांगायच्या सर्वसाधारण निधीतला १० टक्के वाटा तिच्यासाठी बाजूला काढलेला. जगात इतकं धाडस फार थोड्या देशांनी केलंय.

आणि काय झालं? पुढाऱ्यांनी आपली पोरं, भाचे, पुतणे उभे केले. बास्केटबॉलच्या स्पर्धांवर पैसा उडतो अशी ओरड झाली. मधल्या काळात परिषदेचं वय इतकं खाली आणलं होतं की निवडून आलेला मुलगा सज्ञानही नसायचा. त्याच्या सहीला कायद्यात किंमत नाही, म्हणजे सही तो करणार आणि व्यवहार बाप करणार. परिषदा कायमच्या बंद करा अशी मागणी झाली. २०१३ च्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

इथवरची गोष्ट मी चर्चासत्रांमध्ये अनेकदा ऐकली आहे. सांगणारे इथेच थांबतात आणि मान हलवतात. पुढचं कुणी सांगत नाही. जानेवारी २०१६ मध्ये सुधारणा कायदा झाला. पदाधिकाऱ्यांचं वय १८ ते २४, मतदारांचं १५ ते ३०. पदावर असलेल्या राष्ट्रीय किंवा त्या भागातल्या निवडून आलेल्या पुढाऱ्याशी जवळचं (आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा इथपर्यंतचं) रक्ताचं किंवा सासरचं नातं असेल तर उमेदवारी नाही. पदभार घेण्याआधी प्रशिक्षण सक्तीचं. निधीचा हिशेब उघड मांडणं बंधनकारक. या नव्या नियमांनी मे २०१८ मध्ये निवडणुका झाल्या, नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये. म्हणून सगळं आलबेल झालं असं मी म्हणणार नाही; नियम आले की पळवाटाही येतात. पण बिघडलेलं यंत्र फेकून न देता ते नेमकं कुठे घासतंय हे बघून दुरुस्त केलं गेलं. नातेवाइकांच्या बंदीचं ते कलम तर मला फार आवडतं. इतर कितीतरी ठिकाणच्या मोठ्या माणसांच्या निवडणुकांना ते लावलं, तर काय होईल याची कल्पना करून मी कधी कधी एकटीच हसते.

शिवाय मोठ्यांनी पैसा खाल्ला म्हणून मोठ्यांची सभागृहं बंद करा, असं आपण कधी म्हणतो का?

राखीव जागांबद्दल फार लिहीत नाही. युगांडात स्थानिक परिषदांत तरुणांचे दोन प्रतिनिधी असतात, त्यातली एक स्त्री. रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात दोन जागा तरुणांच्या. भारतात १८ व्या वर्षी मत देता येतं, पण पंचायतीला उभं राहायचं तर २१ पूर्ण लागतात. नायजेरियाने २०१८ मध्ये घटना बदलून कनिष्ठ सभागृहासाठीची वयाची अट ३० वरून २५ वर आणली. हे सगळं चांगलंच आहे. पण खुर्ची मिळाली म्हणजे वही मिळाली असं होत नाही, हे गावात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

आणि वहीचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा मोठा झालाय, कारण पैसा थेट गावात येतोय. इंडोनेशियाने २०१४ च्या ग्राम कायद्यानंतर, २०१५ पासून, ७० हजारांहून जास्त गावांना केंद्राच्या अंदाजपत्रकातून थेट निधी द्यायला सुरुवात केली. भारतात चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून जास्त रक्कम देण्याची शिफारस केली. पैसा खाली उतरला. तो वाचू शकणारे डोळे गावात कुणाचे आहेत? ज्यांचे आहेत ते भिंतीला टेकून बाहेर उभे आहेत.

आता एक माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या मुलींना अजून तिथेच राहायचं आहे.

त्या गावात नळयोजना होऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या गल्लीला पाणी येत नाही अशी तक्रार होती, आणि तिला ठरलेलं उत्तर होतं: 'वरचे लोक तोट्या उघड्या ठेवतात.' म्हणजे दोष बायकांचा. सात मुली होत्या, दहावी-बारावी झालेल्या, घरी बसलेल्या. त्यांना मी काही शिकवलं असं म्हणता येणार नाही. मी एवढंच म्हटलं, की खरंच येत नाही का ते मोजू या. त्यांनी पंधरा लिटरची बादली घेतली, मोबाइलमधलं घड्याळ घेतलं आणि तीन दिवस पाणी सुटायच्या वेळी नळानळावर गेल्या. एकूण ६२ नळ. वहीत रकाने पाडले: गल्ली, घर, बादली भरायला लागलेला वेळ, पाणी किती मिनिटं आलं. टाकीजवळच्या घरात बादली भरायला एक मिनिट वीस सेकंद. शेवटच्या गल्लीत नऊ मिनिटं. अकरा नळ कोरडे.

तोट्या उघड्या ठेवण्याचं उत्तर त्यांनी स्वतःच तपासलं. तिसऱ्या दिवशी वरच्या गल्ल्यांतल्या सगळ्या तोट्या बंद ठेवायला लावल्या आणि खाली पुन्हा बादली लावली. नऊ मिनिटांची आठ झाली, बस्स. मग त्यातली एक, अगदी कमी बोलणारी, म्हणाली, "पाइप बारीक असेल." अंदाजपत्रकाची प्रत मिळवायला मला चार खेपा घालाव्या लागल्या. त्यात मुख्य वाहिनी शेवटपर्यंत ७५ मिलिमीटरची होती. मुलींनी दोन जागी वीतभर उकरलं. पाइपाचा व्यास पाइपावरच छापलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथे ५० होतं.

बैठकीत त्या पहिल्यांदा सतरंजीवर बसल्या. वही मध्ये ठेवली. ठेकेदाराचा माणूस हसून म्हणाला, "पोरींनो, पाण्याच्या दाबाचं तुम्हाला काय कळतं?" त्या कमी बोलणाऱ्या मुलीने दुरुस्तीच्या वेळी कापून टाकलेला पाइपाचा तुकडा ओढणीतून काढला आणि छापलेली बाजू वर करून त्याच्यापुढे ठेवला. एक शब्द बोलली नाही.

निम्मी वाहिनी बदलून मिळाली. उरलेली 'प्रस्तावित' आहे. एका मुलीच्या वडिलांना कुणीतरी घरी जाऊन समज दिली, आणि ती यायची बंद झाली. दोघींची लग्नं झाली, त्या आता दुसऱ्या गावांत आहेत. उरल्या चार. शेवट गोड नाही, कडूही नाही. पाणी काही घरांत आलं आणि काहींत अजून नाही.

त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये मी या सात जणींना कुठे टाकलं माहीत आहे? आधी युवकमध्ये. मग वरून फोन आला, महिला सहभागाचं लक्ष्य कमी पडतंय. मग महिलामध्ये. मोजलेल्या ६२ नळांसाठी रकानाच नव्हता.

गावातल्या मोठ्या माणसांना बाजूला सारा असं यातून कुणी काढू नये. त्या दोन जागा उकरताना जुनी वाहिनी कुठून गेली आहे ते एका सत्तरीच्या आजोबांनीच काठीने रेघ मारून दाखवलं होतं. त्यांच्याविना मुलींनी अर्धं गाव उकरलं असतं. आणि त्यांच्या नातीला बैठकीला यायला घरातून परवानगी मिळाली तीही त्यांच्यामुळे.

अजून दोन गोष्टी आहेत, ज्या तुम्हाला आवडणार नाहीत.

एक म्हणजे पैसे. तुमच्या प्रकल्पात सल्लागाराला दिवसाचे पैसे मिळतात, मला पगार मिळतो, गाडीवाल्याला भाडं मिळतं. तरुणांना मिळतं प्रमाणपत्र आणि टी-शर्ट. त्यांच्या कामाला 'स्वयंस्फूर्त' म्हणतात. ज्या मुलाला त्या दिवशी मजुरीवर गेलं नाही तर घरात अडचण होते, तो स्वयंस्फूर्त होऊच शकत नाही. मग येतो कोण? ज्याचं पोट वडिलांच्या जमिनीवर भरतं तो. म्हणजे गावात आधीच ज्यांचं चालतं त्यांचीच पुढची पिढी 'युवा नेतृत्व' म्हणून पुढे येते, आणि आपण टाळ्या वाजवतो. फिलिपिन्सने कायदा करून जे थांबवायचा प्रयत्न केला, ते आपण बिनपगारी काम ठेवून आपोआप घडवून आणतो. मोजणी, नोंदी, हिशेब तपासणी ही कामं आहेत. त्यांची मजुरी अंदाजपत्रकात धरा.

दुसरी म्हणजे तुमचा तीन वर्षांचा काळ. तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे पहिलं वर्ष गट बांधण्यात, दुसरं प्रशिक्षणात, तिसरं अहवालात. चौथ्या वर्षी दुसरी संस्था येते, नव्या नावाचा नवा गट बांधते. मी असं गाव पाहिलंय जिथे तीन युवक गट आहेत, पोरं तीच, टी-शर्टचे रंग वेगळे. जुन्या गटाची वही कुठे आहे विचारलं तर कळतं, की प्रकल्प संपला तेव्हा कार्यालयाने 'दस्तऐवज' म्हणून नेली. नेली म्हणजे नेलीच. पुढच्या गटाने शून्यापासून सुरुवात करायची. मधल्या काळात अठराचा मुलगा एकवीसचा होतो आणि गाव सोडतो.

गाव सोडण्याबद्दलही तुमचा सूर बदला, ही विनंती. तुमच्या प्रस्तावांत 'स्थलांतर रोखणे' हे उद्दिष्ट असतं, जणू पोरं चोरी करून पळतायत. शिकलेल्या मुलीने नोकरीसाठी जाणं हा गावाचा पराभव नाही. शिवाय गेलेले पूर्ण जात नाहीत. घरी पैसे पाठवतात, सणाला येतात, गावच्या ग्रुपवर असतात. मी मघाशी सांगितलेल्या अंदाजपत्रकातली इंग्रजी कोष्टकं मुलींना फोनवरून समजावून सांगितली ती शहरात कामाला गेलेल्या एका भावाने, दुपारच्या सुट्टीत. तुमच्या हिशेबात तो 'गळती' आहे.

तेव्हा मागणं असं. पुढच्या फॉर्ममधून 'युवक सहभाग (संख्या)' काढून टाका. त्या जागी विचारा, की या गावातल्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप वही काम सुरू होण्याआधी कुणाला मिळाली, त्यांनी काय तपासलं, काय चुकीचं निघालं आणि त्यावर काय झालं. मंजूर रकमेतला छोटासा वाटा, अगदी शंभरातले दोन धरा, तीस वर्षांखालच्या गटाच्या स्वतःच्या खात्यात टाका; सह्या दोघांच्या, त्यातली एक मुलीची, आणि दोघांपैकी कुणीही गावातल्या पदाधिकाऱ्याच्या घरचं नको. ते एखादा पैसा चुकीच्या जागी घालतील. घालू दे. चूक त्यांनीच भिंतीवर लिहून लावावी एवढी अट ठेवा. वही गावात राहू दे, प्रकल्प संपला तरी. बैठकीची वेळ ठरवण्याआधी मजुरीवर जाणाऱ्यांना आणि मुलींना विचारा. आणि मुलीचं लग्न झालं म्हणून तिचं वय पुसू नका.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. बरंचसं तुमच्या एका परिपत्रकात बसतं.

पुढच्या महिन्यात सहामाही अहवाल पाठवायचा आहे. युवक सहभागाचा रकाना या वेळी मी कोरा सोडणार आहे. मुलींच्या वहीची सत्तावीस पानं आहेत, त्यांच्या प्रती अहवालाला जोडणार आहे. मूळ वही गावातच राहील. फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला तर मी तो पुन्हा तसाच पाठवीन.

आपली,
गावोगाव बैठका भरवणारी एक प्रशिक्षक